उन्हाळी प्रकल्प निवडताना

दुसऱ्या वर्षाला आहेस ना? मग नुसत्या मोठ्या नावाला भुलू नकोस. इंदूरात राहून इंडस-२ ची ओढ वाटणारच, २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरवणारं यंत्र आपल्या गावात आहे! पण तिथल्या कामातलं दोन महिन्यांत तुझ्या हाताला काय लागेल, हे मार्गदर्शकांना आधीच विचार. मी पहिल्या उन्हाळ्यात क्ष-किरण विवर्तनाच्या (स्फटिकावर पडलेले क्ष-किरण ठरावीक कोनांत विखुरतात, त्याच्या) तयार आलेखांवरून स्फटिकातल्या अणूंच्या प्रतलांमधली अंतरं काढली. गणित ब्रॅगच्या सूत्रापुरतंच, म्हणजे कोन आणि तरंगलांबीवरून ते अंतर काढण्याइतकंच, पण मोजमापातली अनिश्चितता म्हणजे काय, ते तिथं खरं कळलं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी शिष्यवृत्तीची जाहिरात दिवाळीच्या सुमारास बघत जा आणि सरांना शिफारसपत्राचं वेळेत सांग. आकडेमोडीला आणि आलेखांना लागणारी पायथन ही संगणकभाषा मात्र आजच शिकायला घे.