लोकगीतांचा एकल अल्बम केवळ शास्त्रीय गिटारवर करता येईल का?

खानापूर भागातल्या ओव्यांच्या वळणाने स्वतः गीते रचणाऱ्या आपल्या भावाने केवळ शास्त्रीय (पाश्चात्य 'क्लासिकल') गिटारच्या साथीने अल्बम करावा का, असे आपण विचारले आहे. अवश्य करावा. लोकधुनांचा गांभीर्याने अभ्यास करणारे कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचेच होते, हे त्यांना जरूर सांगावे.

या गिटारच्या नायलॉनच्या तारा नखांनी छेडतात. अंगठा खर्ज सांभाळतो आणि बोटे चाल वाजवतात. स्पॅनिश गिटारवादक व रचनाकार फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांच्या काही रचनांत अंगठ्याच्या आघातामागोमाग अनामिका, मधले बोट आणि तर्जनी एकच स्वर झरझर छेडून तो अखंड भासवतात, आणि जात्यावरच्या ओवीतल्या लांबवलेल्या स्वरासाठी हे तंत्र मला फार मोलाचे वाटते. सहावी तार एक पूर्ण स्वर उतरवली, तर ती चौथ्या तारेच्या खालच्या सप्तकाशी जुळते आणि तिला षड्ज मानल्यास पाचवी तार पंचम देते, त्यामुळे तंबोऱ्यासारखा आधार मिळतो. दांडीवरच्या पडद्यांमुळे (धातूच्या आडव्या पट्ट्यांमुळे) लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, मात्र निघत नाही; ती गळ्यावरच सोपवावी. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मायक्रोफोन बाराव्या पडद्यासमोर सुमारे ३० सेंटीमीटरवर ठेवून पाहावा.