स्विफ्टचं (बँकांचं परदेशी व्यवहारांचं मेसेज नेटवर्क) एमटी १०३, म्हणजे पेमेंटचा मेसेज, बंद झालं म्हणे, मग आमच्या एक्स्पोर्टच्या पेमेंटला काय फरक पडणार?

पैसे यायचे थांबणार नाहीत, घाबरू नका. बँकाबँकांतले पेमेंटचे जुने एमटी मेसेज २२ नोव्हेंबर २०२५ ला संपले, आता आयएसओ २००२२ हा नवा मेसेज फॉरमॅट, म्हणजे १०३ च्या जागी पॅक्स ००८ हा मेसेज. जुन्यात इन्व्हॉइसची माहिती फील्ड ७० मध्ये ३५ अक्षरांच्या ४ ओळींत कोंबायची, त्यात आमचा इन्व्हॉइस नंबर एकदा अर्धाच आला आणि बँकेत दोन चकरा झाल्या (वैताग नुसता!). नव्यात नाव, गाव, देश सगळ्याला वेगळे रकाने आहेत. तुमचं काम एवढंच, बायरला पत्ता पाठवताना गाव आणि देश वेगळा लिहून द्या, कारण नोव्हेंबर २०२६ पासून नुसता सलग लिहिलेला पत्ता चालणार नाही.