कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत सचिव होऊ का? पगार तर नाही, अभ्यास बुडते म्हणतात

हो बे, नक्की हो. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातच अध्यक्ष, सचिव, वर्गप्रतिनिधी ही पदं आहेत, म्हणजे पोरांचं म्हणणं प्राचार्यांपुढं मांडायचा रीतसर रस्ता आहे न, आणि आपल्या गडचिरोलीकडं तर एसटी चुकली की खेड्यावरच्या पोरीचा तास बुडते, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म अडकते, हे बोलणारं कोणीतरी पाह्यजेच.

फक्त सोबत एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, कर. वर्षाले १२० तास अन् ७ दिवसांचं शिबिर, तिथं पन्नासेक पोरांचं जेवण, सरपंचाशी बोलणं, हिशोबाची वही सारं अंगावर येते अन् माणूस तिथंच तयार होते. पैशाची पावती पहिल्या दिवसापासून जप, दोस्ती त्याच्यावरूनच तुटते. धान कापणीच्या दिवसात मात्र काम दुसऱ्याले वाटून दे, घरचं वावर सोडून मीटिंगा करू नको.