'स्त्रीमुक्ती': कुणाची मुक्ती आणि कशापासून?

पुण्यातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. ८ मार्चला घरी सगळे जमले असताना त्यांचे काका म्हणाले, "रोगमुक्ती म्हणजे रोगापासून मुक्ती, कर्जमुक्ती म्हणजे कर्जापासून मुक्ती, तर स्त्रीमुक्ती म्हणजे स्त्रीपासून मुक्ती. मी नाही, व्याकरण सांगतंय." सगळे हसले. ताईंना काही ते आवडलं नाही, पण उत्तरही सुचेना. त्या विचारतात, काकांचा विग्रह बरोबर आहे का? हा शब्द मराठीत रुजला कसा? आणि 'स्त्रीवाद' हा शब्द हाताशी असताना 'स्त्रीमुक्ती' अजून वापरायचा का?

ताई, काकांचा विग्रह चूक आहे. त्यांनी समासाचा एकच प्रकार पाहिला आणि तोच नियम धरला.

तत्पुरुष समासात गाळलेली विभक्ती अर्थावरून ओळखायची असते, शेवटच्या पदावरून नाही. 'मुक्ती' शेवटी आलं की आधी 'पासून'च दडलेलं असतं, असा काही नियम नाही. पहिलं पद बांधणाऱ्या गोष्टीचं असेल, म्हणजे कर्ज, रोग, व्यसन, भय, पाप यांसारखं, तर 'त्याच्यापासून मुक्ती' असा अर्थ होतो आणि तो पंचमी तत्पुरुष. पहिलं पद बांधलेल्याचं असेल, तर 'त्याची मुक्ती', म्हणजे षष्ठी तत्पुरुष. काकांना 'मराठवाडा मुक्तिसंग्राम' सोडवायला सांगा. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं ते मराठवाड्यापासून कुणाची सुटका झाली म्हणून नव्हे. निजामी राजवटीतून मराठवाडा सुटला म्हणून. 'गोवामुक्ती'चंही तसंच. गोव्याची मुक्ती, पोर्तुगिजांपासून. 'गुलाममुक्ती' म्हणजे गुलामांची मुक्ती. मालकांची गुलामांपासून झालेली सुटका असा अर्थ त्यातून कुणी काढत नाही.

याहून नेमका दाखला शेतकरी संघटनेचा आहे. चाकणजवळच्या आंबेठाणला राहून शरद जोशींनी ही संघटना उभी केली. 'कर्जमाफी' नको, 'कर्जमुक्ती' म्हणा, हा त्यांचा आग्रह होता, कारण माफी गुन्हेगाराला असते. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि त्यानंतरच्या काळात 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम आला. त्यात शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा स्वखुशीनं बायकोच्या नावे करायचा, सातबाऱ्यावर तिचं नाव चढवायचं, असं होतं. आता बघा, तेच लोक, त्याच सभा, आणि एकाच तोंडी दोन समास: कर्जापासून मुक्ती ती कर्जमुक्ती, घरच्या लक्ष्मीची मुक्ती ती लक्ष्मीमुक्ती. व्याकरणाचं पुस्तक न उघडता हजारो शेतकऱ्यांनी दोन्हींचे अर्थ बरोबर लावले. घरातल्या लक्ष्मीपासून सुटका, असं समजून कुणी तलाठ्याकडे गेलं नाही.

मग काकांच्या कानाला दुसराच अर्थ आधी का ऐकू आला? याचं कारण मला '-मुक्त' या पदात दिसतं. '-मुक्ती' दोन्ही बाजूंना वळते, पण '-मुक्त' हे विशेषण समासात जवळजवळ नेहमी पंचमीच घेतं: रोगमुक्त, भयमुक्त, ऋणमुक्त. म्हणून आपण 'गोवा मुक्त झाला' असं सुटं लिहितो, 'गोवामुक्त' असं लिहीत नाही. गेल्या पंचवीस वर्षांत सरकारी मोहिमांनी या '-मुक्त'चा पाऊस पाडला. हागणदारीमुक्त गाव, २००७पासून तंटामुक्त गाव, मग प्लास्टिकमुक्त, खड्डेमुक्त, टोलमुक्त. गावाच्या वेशीवरच्या कमानीपासून पालिकेच्या फलकापर्यंत जिथे 'मुक्त' दिसतं, तिथे त्याच्या आधी नको असलेली वस्तू असते. ती सवय 'मुक्ती'लाही चिकटली.

हा शब्द पुढे आला त्या १९७५ साली मराठी कान असा नव्हता. बांगलादेशाची मुक्तिवाहिनी चारच वर्षांपूर्वी रोजच्या वर्तमानपत्रात होती. गोवा सुटून चौदा वर्षं झाली होती, आणि त्या लढ्याशी पुण्याचं नातं फार जवळचं. १९५४ साली गोवा विमोचन सहाय्यक समिती पुण्यात स्थापन झाली आणि इथून सत्याग्रहींच्या तुकड्या गेल्या. ('विमोचन' आणि 'मुक्ती' दोन्ही मुच् या एकाच धातूचे, 'मोक्ष'सुद्धा त्याच घरातला.) त्या पिढीला 'मुक्ती' म्हटलं की पारतंत्र्यातून सुटणारा मुलूख किंवा माणसं दिसत. 'स्त्रीमुक्ती' हा शब्द त्या हवेत रुजला, आणि माझ्या मते तेव्हा तो ऐकणाऱ्याला 'कुणाची मुक्ती' हे वेगळं सांगावं लागत नसणार. चेष्टा तेव्हाही होत होती, पण ती 'कसली आलीय मुक्ती' अशी. विग्रहाची कोटी या नव्या कानाची आहे.

ते साल नीट पाहायला हवं. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याआधी १९७४च्या शेवटी भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या सरकारी समितीनं 'समानतेकडे' या अर्थाच्या नावाचा अहवाल दिला होता. महाराष्ट्रात जमीन आधीच तापलेली होती: १९७२चा दुष्काळ, शहाद्याकडे दारूचे गुत्ते फोडणाऱ्या आदिवासी बायका, मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं निघालेले महागाईविरोधी लाटणे मोर्चे. जूनमध्ये आणीबाणी लागली. आणि तशात ऑक्टोबरमध्ये पुण्यात परिषद भरली, 'संयुक्त स्त्री मुक्ती संघर्ष परिषद'. वेगवेगळ्या डाव्या, समाजवादी, दलित चळवळींतल्या स्त्रिया एकत्र आल्या. मुंबईची स्त्री मुक्ती संघटना त्याच वर्षीची. तिच्या ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' १९८३पासून गावोगाव गेलं आणि त्याबरोबर हा शब्द शहराबाहेर पोचला.

परिषदेच्या नावातला 'महिला' टाळून घेतलेला 'स्त्री' मला महत्त्वाचा वाटतो. पुण्यात तोवर संस्थांच्या नावांत 'महिला' पक्का बसला होता. पंडिता रमाबाईंचा आर्य महिला समाज १८८२चा, कर्व्यांचं महिला विद्यालय १९०७चं, महिला विद्यापीठ १९१६चं. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी १९२७मध्ये फर्ग्युसन कॉलेजात भरलं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड अध्यक्ष होत्या. आदरानं घ्यायचा, सभेत शोभणारा शब्द तो 'महिला'. आजही राखीव जागा, आयोग, धोरण सगळं 'महिला'च. 'स्त्री' त्या मानानं उघडा शब्द. त्यात बाईमाणूस म्हणून जन्मणं येतं, शरीर येतं, आणि पुरुषाशी असलेलं नातंही येतं. 'पुरुष'ची जोडी 'स्त्री'शीच लागते. 'महिलापुरुष' असा द्वंद्व समास मराठीत जमत नाही.

हा द्वंद्व ज्यांनी पुस्तकाच्या नावावर घातला त्या ताराबाई शिंदे. बुलढाण्याच्या या बाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जे लिहून येत होतं, त्याला हे उत्तर होतं. जे दोष स्त्रीच्या अंगी म्हणता ते पुरुषात नाहीत का, हा त्यांचा सवाल. टीका इतकी झाली की जोतीराव फुल्यांना 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घ्यावी लागली. नंतर पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणलं १९७५ साली! ज्या वर्षी पुण्यात 'स्त्री मुक्ती'च्या नावानं बायका जमल्या, त्याच वर्षी ताराबाई वाचकांच्या हाती परत आल्या. मला हे दरवेळी नव्यानं भिडतं.

आता थोडं मागे. 'मुक्ती' हा शब्द बायकांच्या संदर्भात पुणे जिल्ह्यात १९७५च्या पाऊणशे वर्षं आधी उभा होता, तोही अक्षरशः दगडाविटांत. पुण्याहून दौंडला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी उपाशी, निराधार मुली आणि विधवा इकडे आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांना आसरा दिला. तेच 'मुक्ती', पुढचं मुक्ती मिशन. ही मुक्ती ख्रिस्ती अर्थाची, हे खरं. पण मराठी ख्रिस्ती बोलीत त्यासाठी रुळलेला शब्द 'तारण' आहे. रमाबाईंनी 'मुक्ती' निवडला. संस्कृताची एवढी जाण असलेल्या बाईंना 'तारण' आणि 'मुक्ती' यांतला फरक कळत नव्हता असं होणार नाही. तारण कुणीतरी करतो, बुडणारा हात वर करतो. मुक्तीत आधी बंध असावा लागतो. केडगावला आलेल्या मुलींना शेती, विणकाम, छपाई शिकवली जाई. हा शब्द निवडताना रमाबाईंच्या मनात नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण तिथल्या मुलीच्या दृष्टीनं मुक्तीत पोटाला मिळणं आणि हाताला काम मिळणं हे नक्कीच होतं.

त्याहीआधी मराठी माणसाला मुक्ती माहीत होती ती हरिपाठातली. पहिल्याच अभंगात 'मुक्ति चारी' येतात: सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. माझी आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची. १९८०च्या दशकात 'स्त्रीमुक्ती' हा शब्द तिनं रेडिओवर ऐकला तेव्हा आईला विचारलं होतं, "यातली कुठली गं?" आई थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "पाचवी." मी तेव्हा शाळेत होतो. हा संवाद ऐकूनच मला शब्दांचा नाद लागला असं म्हटलं तरी चालेल.

तर समासात 'कुणाची' हे आहे, 'कशापासून' हे नाही. ती जागा रिकामी आहे आणि प्रत्येक पिढीनं ती आपल्या परीनं भरली. ताराबाईंच्या वेळी विधवेवरचे निर्बंध. रखमाबाईंच्या खटल्यात बालपणी लागलेल्या लग्नाचं बंधन. १९८०मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यातल्या निकालाविरुद्ध देशभर आवाज उठला तेव्हा पोलीस कोठडीतला अत्याचार, आणि १९८३मध्ये कायदा बदलावा लागला. पुण्यात १९८२ साली नारी समता मंच उभा राहिला तो हुंड्यापायी आणि सासरच्या छळापायी जाणाऱ्या जिवांच्या अस्वस्थतेतून. विद्या बाळ त्याच्या एक संस्थापक. मंचानं बोलण्यासाठी जी जागा सुरू केली तिचं नाव 'बोलते व्हा'. 'बोलत्या व्हा' नाही. व्याकरणानं पाहिलं तर त्या एका प्रत्ययात पुरुषांनाही दार उघडं आहे. विद्याताईंनी १९८९मध्ये काढलेल्या मासिकाचं नाव मात्र 'मिळून साऱ्याजणी'. तिथे 'जणी'वर ठाम. दोन्ही नावांत एकही संस्कृत जड शब्द नाही, म्हणून ती मला फार आवडतात.

'स्त्रीवाद'विषयी. इथला 'वाद' भांडणातला नव्हे, तर गांधीवाद, समाजवाद यांतला, म्हणजे विचारसरणी. 'स्त्रीमुक्ती' हे घडवून आणायचं काम आहे, 'स्त्रीवाद' ही पाहण्याची रीत. 'स्त्रीवादी समीक्षा', 'स्त्रीवादी इतिहासलेखन' म्हणता येतं, तिथे 'स्त्रीमुक्ती' बसत नाही. विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र आल्यावर हा शब्द पुण्यात जास्त ऐकू येऊ लागला. पुढे शर्मिला रेगे यांच्यासारख्यांनी विचारलं की ही 'स्त्री' नेमकी कुठल्या जातीची, आणि 'दलित स्त्रीवाद', 'फुले-आंबेडकरी स्त्रीवाद' असे शब्द आले. 'स्त्रीवाद'ला असं विशेषण लावून प्रश्न टोकदार करता येतो, ही त्याची मोठी सोय. पण मोर्चात घोषणा द्यायची तर 'स्त्रीवाद' तोंडात बसत नाही. दोन्ही वापरा, जागा पाहून.

'सक्षमीकरण'बद्दल ताईंनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. तो शब्द मला फिका वाटतो. '-करण' म्हटलं की करणारा दुसरा कुणीतरी असतो, बहुधा शासन. शिवाय त्यात स्त्री दुर्बळ आहे एवढंच गृहीत आहे, तिला कुणी बांधलं याचा पत्ता नाही.

लिहिताना एक सांभाळा. 'मुक्ती' एकटी किंवा शेवटी असेल तर दीर्घ: मुक्ती, स्त्रीमुक्ती. समासात ती पुढे आली की तत्सम शब्दाच्या नियमानं ऱ्हस्व: मुक्तिसंग्राम, मुक्तिवाहिनी, आणि जोडून लिहिलं तर स्त्रीमुक्तिचळवळ. संघटनांच्या नावांत तिन्ही शब्द सुटे असतात, ती नावं जशी आहेत तशीच लिहावीत. 'स्त्री' मूळ संस्कृतातच दीर्घ, म्हणून स्त्रीशिक्षण, स्त्रीमुक्ती, स्त्रीवाद यांत 'स्त्रि' कधीच होत नाही. 'स्त्रियांची' म्हणताना मात्र ऱ्हस्व.