पन्नाशीत घरी बसवलेला नायक

प्रश्न : ‘सुबह-ओ-शाम’ (१९७२) पाहिला. वहिदा रेहमान आणि संजीवकुमार यांच्याबरोबरचा इराणी नायक कोण? त्याने पन्नाशीतच निवृत्ती घेतली म्हणे. का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तो मोहम्मद अली फर्दीन. पण ‘निवृत्ती’ हा शब्द मला खुपतो. त्याने निवृत्ती घेतली नाही, त्याला घरी बसवलं.

फर्दीन मूळचा पैलवान. १९५४ साली टोकियोच्या जागतिक कुस्ती स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. १९६५च्या ‘गंज-ए-कारून’ने तो घराघरात पोचला. पुण्यात शिकायला आलेल्या माझ्या इराणी मैत्रिणीकडे त्याची घासलेली कॅसेट होती. त्यात हा फाटका तरुण जीव द्यायला निघालेल्या एका धनाढ्य म्हाताऱ्याला पाण्यातून काढतो, घरी आणतो आणि जमिनीवर बसवून ‘आबगुश्त’ खाऊ घालतो. मैत्रिणीने तिथे टेप थांबवली. रस्सा वेगळा काढायचा, त्यात रोटी कुस्करायची, मग खालचं मटण, चणे, बटाटे ठेचायचे, हे तिने हातांनी करून दाखवलं. अगदी आपला भाकरीचा काला! अशा चित्रपटांना तिकडचे समीक्षक ‘आबगुश्ती’ म्हणून हिणवत. मला त्या पंगतीत माणुसकी दिसली, आजही दिसते.

१९७९ला इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली. जुने नट-नट्या नव्या राजवटीला नकोसे झाले. १९८२ साली फर्दीनचा ‘बर्झखीहा’ आला. तुरुंगातून पळालेले कैदी सरहद्दीवर इराकी सैन्याशी लढतात, अशी देशप्रेमाचीच गोष्ट. थिएटरं भरू लागली आणि चित्रपट उतरवला गेला. फर्दीन तेव्हा ५२ वर्षांचा होता. पुन्हा पडद्यावर दिसला नाही.

त्याच्या काळातला दुसरा मोठा नट बेहरूझ वोसूघी अमेरिकेत राहिला. फर्दीन तेहरान सोडून गेला नाही. दुकानदारी करून त्याच शहरात राहिला, तब्बल १८ वर्षं. ज्या रस्त्यांवर आपली पोस्टर्स झळकली तिथून रोज अनोळखी असल्यासारखं जायचं! परागंदा होण्यापेक्षा हे मला जास्त कठीण वाटतं.

एप्रिल २०००मध्ये तो हृदयविकाराने गेला. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. मैत्रिणीची आई सत्तरीची, गुडघ्यांनी अधू. तीही गेली होती. गर्दीमुळे तिला कबरीपर्यंत पोचताच आलं नाही, असं मैत्रिणीने मला पत्रात लिहिलं होतं.