पॅरोल मंडळ नेमकं काय तपासतं?

या लेखात पॅरोल म्हणजे चार दिवसांची रजा नव्हे. उरलेली शिक्षा तुरुंगाबाहेर, अटींवर आणि देखरेखीखाली काढणं. तशी सुटका द्यायची का, हे पॅरोल मंडळ ठरवतं. प्रश्न कैद्यांच्या आणि पीडितांच्या घरच्यांचे, उत्तरं मंडळाचं काम करणाऱ्याची.

प्रश्न : भाऊ नऊ वर्षं आत आहे, एकही तक्रार नाही. तरी अर्ज फेटाळला. चांगल्या वागण्याला किंमतच नाही का?

उत्तर : आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. आत उठण्या-झोपण्याची वेळ ठरलेली, जुनी संगत दूर, उधारी मागणारा दारात नाही. तिथे शांत राहिलेला बाहेर शांत राहीलच असं नाही. मंडळाला शोधायचं असतं की हा पुन्हा गुन्हा करेल का, कोणता, आणि त्याची चाहूल आधी लागेल का. म्हणून बाहेरचा बेत कसून चाचपतात. 'काम शोधेन, सरळ राहीन' एवढ्यावर भागत नाही. राहणार कुठे, घरात कोण, पगार हातात पडला त्या संध्याकाळी काय करणार, जुना साथीदार भेटला तर फोन कुणाला लावणार? पुढच्या अर्जाआधी भावाकडून हे कागदावर उतरवून घ्या.

प्रश्न : पश्चात्तापाचं नाटक कसं ओळखता?

उत्तर : रडण्यावरून तर नाहीच. त्यात मीही फसलो आहे. आम्ही गुन्ह्याचा दिवस तासातासानं सांगायला लावतो. 'रागाच्या भरात घडलं' म्हणणारा तिथेच अडतो. दुसरा सांगतो, 'दुपारीच ठरवलं होतं. चाकू आधी गाडीत ठेवला. दोनदा परत फिरता आलं असतं.' ऐकायला हे जास्त वाईट, पण आपला पाय कुठे घसरतो हे याला कळलेलं असतं. मग ते बोलणं पोलिसांच्या कागदांशी आणि निकालपत्राशी ताडायचं. 2018 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं एका टॅक्सीचालकाच्या सुटकेचा निर्णय रद्द केला, तो इथल्याच ढिलाईमुळे : त्याची कहाणी इतर आरोपांशी आणि पुराव्यांशी पुरेशी ताडलेली नव्हती.

प्रश्न : आता संगणकच गुण देतो म्हणे?

उत्तर : पुन्हा गुन्हा होण्याच्या धोक्याला गुण देणारा तक्ता संगणकाहून जुना. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी 1928 मध्ये इलिनॉयच्या तुरुंगांतून पॅरोलवर सुटलेल्या 3,000 जणांच्या नोंदींवरून 21 मुद्द्यांचा तक्ता मांडला होता. असा तक्ता नुसत्या अंदाजापेक्षा बहुधा सरस ठरतो. आमच्या व्यवसायाला हे पचायला वेळ लागला. पण आधीच्या शिक्षा, पहिल्या गुन्ह्याचं वय हे मुद्दे कधी बदलत नाहीत, त्यामुळे पन्नाशीतल्या माणसाचे गुण विशीतला पोरगा ठरवून जातो. शिवाय 'शंभरात वीस जण पुन्हा गुन्हा करतील' हा आकडा गटाचा. समोर बसलेला त्या विसांतला की ऐंशींतला, हे तक्त्याला ठाऊक नसतं.

प्रश्न : वडील म्हणतात, गुन्हा केलाच नाही. सुटकेसाठी खोटं कबूल करावं का?

उत्तर : नको. खोटी कबुली तपशिलात उघडी पडते. निकाल चूक की बरोबर हे मंडळ ठरवत नाही, तो धरूनच चालतं. इंग्लंडच्या न्यायालयांनी सांगितलंय की केवळ नकार हे पॅरोल नाकारण्याचं कारण होत नाही. तरी अडचण उरतेच, कारण काही सुधारणावर्गांत कबुलीशिवाय घेत नाहीत. दारू, राग, पैसा यांवरचं काम मात्र कबुलीविनाही होतं.

प्रश्न : आम्ही पीडित कुटुंब. आमचं कुणी ऐकतं का?

उत्तर : बऱ्याच देशांत ऐकतात, आणि त्याचा उपयोग अटी ठरवताना जास्त होतो. रोजचा रस्ता, मुलांची शाळा, कामाची जागा नावानिशी लिहून द्या. 'त्याला जवळ येऊ देऊ नका' असं मोघम लिहिलंत, तर अटही मोघमच घातली जाते.