कवडसा पुसता येत नाही

मंगळवार पेठ, कोल्हापूर
आषाढ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या खेळगटाची खोली बघून परत निघाले तर पावसानं मिरजकर तिकटीपाशीच गाठलं. एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिले आणि तिथंच हे पत्र मनात सुरू झालं. तुझ्यासमोर बोलले नाही, कारण तुझी आई कौतुकानं सगळं दाखवत होती आणि अशा वेळी मास्तरकी करू नये एवढं मला निवृत्तीनंतर का होईना, कळायला लागलंय.

खोली चांगली आहे. जुनं घर, वर कौलं, मधे एक काचेचं कौल, पूर्वेला खिडकी. अशी खोली नव्या फ्लॅटात शोधून मिळायची नाही. भिंतीवरचा इंद्रधनुष्याचा तक्ता मात्र उतरव. निदान दिवाळीपर्यंत तरी.

पोरं एका सुरात ‘तानापिहिनिपाजा’ म्हणतात ते कानाला गोड लागतं. पण त्यातला ‘पा’ म्हणजे काय, हे एकाला तरी विचारलंस का? पा म्हणजे पारवा. आणि पारवा आपल्या पोरांना चांगला ठाऊक असतो. देवळाच्या शिखरावर बसलेला, राखी अंगाचा. तक्त्यावरचा पट्टा मात्र गडद निळा. पोर गोंधळतं, पण बाई म्हणतायत म्हणजे असेल, असं म्हणून गप्प बसतं. ते गप्प बसणं मला भिववतं. आणि सात हा आकडा तरी कुठं आभाळातून पडलाय? न्यूटननं लोलकातून उजेड पाडला तेव्हा आधी पाचच रंग मोजले होते. पुढं सप्तकातल्या सुरांशी मेळ बसावा म्हणून सात केले. खऱ्या पट्ट्यात रंगांच्या मधे रेघा नसतात, एकातून दुसरा निघत जातो. पोराला ते बघू दे आणि त्याला दिसतील तेवढे मोजू दे. पाच म्हणालं तर पाच.

मी आयुष्यभर एकच पथ्य पाळलं, तेही पुष्कळ चुका करून झाल्यावर. लहान पोराला अपुरं सांगितलं तरी चालतं, पण पुढच्या बाईंना खोडावं लागेल असं सांगू नये.

आता कामाचं बोलते. उजेड शिकवायचा तर सुरुवात अंधारापासून कर. ह्या दिवसांत सूर्य नसतोच, पोरं तीन महिने घरात कोंडलेली, त्याचा फायदा घे. टेबलावर जुनी वाकळ टाकून खाली गुहा कर. एक कोपरा कायम उघडा ठेव, आणि आत जाण्याची सक्ती कुणावर करू नको. दोन-तीन पोरं पहिल्या दिवशी बाहेरच बसतील, बसू देत. गुहेत लोकरीचे दोन गुंडे ने, एक तांबडा, एक निळा. उजेडात दोन्ही सारखेच ठळक दिसतील असे निवड. मग वाकळ खाली सोडायची, एवढाच फटीतला उजेड ठेवायचा, आणि एक गोष्ट सांगायची. चांगली दहा मिनिटांची हवी, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग विचार, तांबडा कुठला?

माझ्याकडं एक पोरगं ओरडलं होतं, “बाई, तांबडा गेला कुटं?” दोन्ही गुंडे हातात होते, पण एक काळाठिक्कर आणि दुसरा राखी. राखी होता तो निळा. तुझ्या माहितीसाठी सांगते, पोरांना सांगायचं नाही: डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींना भरपूर उजेड लागतो. अंधारात दंडाकार पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही, आणि तांबडा उजेड तर त्यांना जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तांबडा आधी काळा पडतो. पोरांना फक्त प्रश्न घरी जाऊ दे. दुसऱ्या दिवशी एक आई सांगत आली, रात्री लाईट गेली तर पोरगं देवापुढच्या जास्वंदीकडं बघत बसलं होतं.

लाईट जाते तेव्हा बाकीच्या बाया वैतागतात. तू बॅटरी काढ. भिंतीवर सावल्या कर, पण तुझ्या हाताचा ससा दाखवून टाळ्या घेऊ नको. बॅटरी पोराच्या हातात दे. बॅटरीजवळ हात नेला की सावली छतापर्यंत जाते, भिंतीजवळ नेला की आवळते, हे त्यानं स्वतः शोधावं. तिकडं कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात, तोही ह्याच सावलीवर. त्या बाहुल्यांच्या सावल्या मात्र रंगीत पडतात, कारण चामडं पातळ करून रंगवलेलं असतं आणि उजेड त्यातून गाळून येतो. म्हणून ‘सावली काळी असते’ हे वाक्य तोंडातून काढू नको. बघ, तेही एक खोडावं लागणारं वाक्य.

उजेड गाळून येतो हे दाखवायला भज्यांचा कागद पुरतो. पावसात भजी आणतेसच. कोरडा कागद खिडकीशी धर आणि तेलाचा डाग पडलेला धर. डागातून उजेड आत येतो. पोरं मग घरभर तेलकट बोटं लावत हिंडतात, आया माझ्या नावानं बोटं मोडायच्या. तुझ्याही मोडतील.

श्रावण लागला की मधेच ऊन पडेल, तेव्हा हातातलं सगळं टाकून कवडसा पकड. काचेच्या कौलावर जाड पुठ्ठा बसव आणि त्याला पेन्सिल जाईल एवढं भोक पाड. मुद्दाम वेडंवाकडं पाड, तिकोनी पाड. खाली जमिनीवर ठिपका गोलच पडेल, उन्हं तिरकी असली तर लांबट. कारण तो भोकाचा आकार नव्हेच, ते सूर्याचं चित्र आहे. दहा फुटांवरून साधारण तीन सेंटिमीटरचं. मला हे वयाच्या पस्तिशीत कळलं, आणि लहानपणापासून कौलारू घरात राहिलेली मी त्या दिवशी जेवायची विसरले होते.

पोरांचं काय होतं सांगू? आधी पायाखाली धरतात. पाय ठेवला की ठिपका पायावर चढतो. मग हाताखाली झाकतात, हातावर येतो. एकीनं फळ्याचा डस्टर आणला आणि घासून घासून म्हणाली, “बाई, ह्यो पुसंना की!” ह्या वाक्यात उजेडाचा जेवढा धडा आहे तेवढा मला कधी फळ्यावर लिहिता आला नाही. त्या क्षणी मी काही बोलले नाही, ह्याचं मला अजून समाधान आहे.

मग खडूनं कवडशाभोवती गोल काढायचा आणि खाऊ खायला बसायचं. पाच मिनिटांत ठिपका तीन-चार बोटं सरकलेला असतो. कुणी हलवला म्हणून भांडणं होतात. होऊ देत. पुठ्ठा हललेला नाही, ठिपका हललाय, एवढं त्यांच्या लक्षात आलं की पुरे. पृथ्वी फिरते वगैरे आत्ता नको. शनिवारी त्याच घड्याळी वेळेला गोल काढ, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा. ठिपका जुन्या गोलात परत येत नाही. नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखांना आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं येतात, तो किरणोत्सव ह्याच सरकण्यावर बेतलेला आहे. सूर्य वर्षातून दोनदा त्या जागी मावळतो, एकदा दक्षिणेला जाताना, एकदा परत येताना. आपली पोरं आजीच्या कडेवरून ती गर्दी बघून आलेली असतात. तुझ्या खोलीतले खडूचे गोल तोवर टिकले, तर एखादं पोरगं दोन गोष्टी आपसूक जोडेल. नाही जोडल्या तर तूही जोडून देऊ नको.

त्याच भोकाची दुसरी गंमत चपलांच्या खोक्यात. एका बाजूला सुईचं भोक, समोरची बाजू कापून ट्रेसिंग पेपर, डोक्यावरून चादर. खिडकीबाहेरचा रस्ता कागदावर उलटा दिसतो, रिक्षा चाकं वर करून जातात. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःच्या हातानं सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथल्या पोरांना हे खोकं मिळायलाच हवं, असं माझं आपलं मत.

आता रंग. जिलेटिन कागद घे, तांबडा, पिवळा, निळा, हिरवा. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून चष्मे कर. तांबड्या चष्म्यासाठी एक खेळ: पांढऱ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीनं मांजर काढ आणि निळ्या पेन्सिलीनं तिच्याभोवती खिडकीचे गज. चष्मा लावला की मांजर पळालेली, गज तेवढे काळे उभे. चष्मा काढला की मांजर परत. पेन्सिल आणि कागद आधी जुळवून बघ, प्रत्येक दुकानातला तांबडा वेगळा असतो. हा खेळ मी सलग तीन आठवडे चालवलाय, कंटाळा मला आला, पोरांना नाही.

इथं एक खड्डा आहे, तो ओळखून ठेव. जलरंगात तांबडा आणि हिरवा मिसळला की चिखल होतो. पण एका बॅटरीवर तांबडा, दुसरीवर हिरवा जिलेटिन लावून भिंतीवर एकाच जागी उजेड पाडला, तर पिवळट दिसतो. दोन्ही खरं आहे. रंगाची भुकटी उजेडातला काही भाग खाऊन टाकते, दोन भुकट्या मिळून जास्त खातात. उजेडात उजेड मिसळला तर भर पडते. मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून बघ, तांबडे, हिरवे, निळे ठिपके दिसतील, पिवळा त्यात नसतोच. म्हणून ‘मूळ रंग तीन, तांबडा, पिवळा, निळा’ असं ठणकावून सांगू नको. ‘आपल्या ह्या रंगपेटीतले’ एवढं पुढं जोडलंस तरी वाक्य खरं होतं. बॅटरीचा खेळ पहिल्या झटक्यात जमत नाही, जिलेटिनचा हिरवा फार कच्चा असतो, दुहेरी घडी घाल.

खोटा वाटेल असा एक रंग स्वयंपाकघरात आहे. हळदीच्या पाण्यात खायच्या सोड्याचं पाणी घातलं की लालसर होतं, लिंबू पिळलं की परत पिवळं. अस्सल कुंकू हळदीचंच करतात ते ह्याच गुणावर, फक्त तिथं चुना लागतो. चुना पोरांच्या हातात अजिबात द्यायचा नाही. आणि काचेच्या बरणीतल्या पाण्यात चमचाभर दूध टाकून एका बाजूनं बॅटरी लाव. बाजूनं बघणाऱ्याला पाणी निळसर, समोरून बघणाऱ्याला बॅटरी पिवळट-केशरी. दिवसाचं आभाळ आणि रंकाळ्यावरची संध्याकाळ एकाच बरणीत. आबालाल रहमान त्या रंकाळ्याच्या उजेडाची चित्रं काढत राहिले, ती पोरांना कधी दाखवता आली तर बरणी झाल्यावर दाखव, आधी नको.

रंगांची नावं शिकवायची घाई नसली तरी नावं भरपूर असावीत. पाठ्यपुस्तकातली सात नकोत. आजीला बोलाव, तिच्या लुगड्यांचं गाठोडं उघडायला सांग. मोरपंखी, पोपटी, डाळिंबी, आमसुली, अबोली, शेवाळी, चिंतामणी, श्रीखंडी. आमसुली म्हटलं की पोराच्या जिभेवर आंबट येतं, ते ‘मरून’ म्हटल्यावर येत नाही. एका आजीनं राणी आणि गुलाबी ह्यांतला फरक सांगायला अर्धा तास घेतला होता, आणि पोरं हलली नव्हती.

आता एक गोष्ट जी मी फार जणांना सांगितलेली नाही. माझ्याकडं एक मुलगा पानं नेहमी तपकिरी रंगवायचा. मी दरवेळी खडू बदलून हातात द्यायचे, एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, “डोळे आहेत का बटणं?” सगळी हसली. त्यानं रंगवायचं सोडलं. पुष्कळ वर्षांनी तो मोठा होऊन भेटला, म्हणाला, नोकरीच्या तपासणीत कळलं, मला तांबड्या-हिरव्यात फरक दिसत नाही. हे बहुधा आईकडून येतं आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त असतं. तो हसत सांगत होता. तुझ्याकडं असं पोरगं आलं तर त्याच्या खडूंवर नाव लिहून किंवा चित्र चिकटवून दे, आणि आईबापांना बाजूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठव. वर्गात एक अक्षर नको.

सांभाळायच्या गोष्टी तुला माहीत असतील, तरी लिहिते. आरसा आणि भिंग उन्हात तुझ्याच हातात. सूर्याकडं थेट कुणी बघायचं नाही, जिलेटिनच्या चष्म्यातून तर मुळीच नाही. लेझरचं खेळणं दारातच काढून घे. बटणाएवढे सेल असलेली खेळणी खोलीत नकोत, ते सेल पोटात गेले तर आतून भाजतं.

सोबतच्या डब्यात एक लोलक आहे, जुन्या झुंबराचा. एक टवका उडालाय, म्हणून त्याचा पट्टा एका टोकाला फाटका पडतो. तू पाच वर्षांची असताना तो दप्तरातून घरी नेला होतास आणि तिसऱ्या दिवशी आईच्या मागे लपून परत दिलास. मी तेव्हा विचारलं नव्हतं, तीन दिवस काय केलंस त्याचं. आता लिहून कळव. आणि टवका तेव्हाचाच आहे का, तेही.

तुझी,
बाई